आधी घोडा, मग प्यादे

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या पटावरचा एक पांढरा घोडा आहे. आता माझा पांढरा रंग पिवळट झाला आहे आणि माझा एक कान तुटलेला आहे. पटावर मी राजाच्या बाजूला, उंट आणि हत्ती यांच्या मधोमध उभा असतो. माझे आयुष्य पटावरच गेले. त्यातला बराचसा काळ मी भीतीत काढला. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म धुळ्याला झाला. झिपरू मिस्त्री नावाचे एक कातारी होते. सातपुड्यातून आलेल्या हळदूच्या लाकडावर ते काम करत. प्यादी, उंट, हत्ती, सगळे त्यांनी यंत्रावर गरगर फिरवून घडवले. घोडा मात्र यंत्रावर होत नाही. माझी मान, माझी आयाळ आणि माझे दोन्ही कान त्यांनी हाताने कोरले. तेव्हा मला दोन कान होते.

आमचा संच लताबाईंनी मुद्दाम सांगून करून घेतला होता. लताबाई साक्रीला नर्स होत्या. त्यांना बुद्धिबळाचा फार नाद. सुट्टीला त्या धुळ्याला भावाकडे येत, तेव्हा आम्हीही पिशवीतून येत असू. भाऊ जीवराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि त्यांना यशोधरा नावाची एकच मुलगी होती. आत्याने तिला खेळ शिकवला. थोड्याच दिवसांत भाची आत्याला हरवू लागली, तेव्हा लताबाईंनी आमची पेटी तिच्या हवाली केली आणि म्हणाल्या, "ले, आता हाई तुनं."

ते माझे सुखाचे दिवस होते. यशोधरा कॉलेजात गेली आणि तिथल्या सगळ्या मुलांना हरवू लागली. ती आम्हाला खोबरेल लावून पुसायची. पांढरी सोंगटी हाती आली की तिची सुरुवात ठरलेली असे. पहिल्या चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे. दुसऱ्या चालीला त्याच्या शेजारचे, उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे. काळ्याच्या मधल्या प्याद्यावर अशी बाजूने धडक दिली की पट हळूहळू मोकळा होई आणि मग तिला सगळे वाचता येई. माझी पाळी चौथ्या-पाचव्या चालीला येई. तोवर मी आपल्या घरात निवांत उभा असे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात जळगावला खान्देशातल्या खेळाडूंची स्पर्धा झाली. पहिला येणारा राज्य स्पर्धेला जाणार होता. आयोजकांकडे पट कमी होते, म्हणून आपापले पट आणायला सांगितले होते. सगळ्या सभागृहात यशोधरा एकटीच मुलगी होती. तिच्यासमोर बन्सीलालभाऊ येऊन बसले. जळगावात त्यांचा मोठा दरारा होता. खेळताना ते गुणगुणत आणि चाल केली की घड्याळाचे बटण असे आपटत की शेजारच्या पटावरची प्यादी हलत.

यशोधराने नेहमीसारखी सुरुवात केली. वजिराचे प्यादे पुढे गेले. मग उंटाचे प्यादे पुढे गेले. आणि बन्सीलालभाऊंनी एकदम राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून तिच्या तोंडाशी आणून ठेवले. फुकटचे प्यादे! यशोधराने ते मारले. तिथेच ती फसली. त्यांचे दुसरे प्यादे वजिराच्या रांगेतून पुढे घुसले. तिने ते अडवायला जाऊन आणखी वाट मोकळी करून दिली. ते काळे प्यादे एकेक सोंगटे खात आमच्या राजाच्या दारापर्यंत आले, शह देऊन राजाला जागचा हलवून गेले, आणि मित्रांनो, मग ते माझ्याकडे वळले.

मी अजून एकही पाऊल टाकलेले नव्हते. बाजूला हत्ती, समोर आमचेच प्यादे. मी उभ्या जागी मारला गेलो.

प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर करायची रीत आहे. बन्सीलालभाऊंनी वजीर केला नाही. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक काळा घोडा काढला. तो त्यांनी घरून आणला होता. माझ्याच घरात त्यांनी तो उभा केला आणि म्हणाले, "शह!"

भोवती जमलेले लोक खदखदून हसले. "खिशातून घोडा काढला रे भाऊंनी!" कुणीतरी ओरडले. यशोधराने पट न्याहाळला. राजा हलवला तरी मरण, घोडा मारला तरी वजीर जाणार. तिने डाव सोडला. ती घाईने उठली, तिच्या ओढणीचा फटका बसला आणि टेबलाच्या कडेला पडलेला मी फरशीवर आदळलो. माझा कान तेव्हा गेला.

बाहेर येऊन ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. तिला उलटी झाली.

त्यानंतर भीतीने तिच्या घरात मुक्कामच केला. पट मांडला की तिचे हात गार पडत. जेवण जाईना. कॉलेजच्या गॅदरिंगला तिला खेळायला बसवले, तर दोन चाली झाल्यावर तिला घेरी आली. जीवरामभाऊ तिला घरी घेऊन आले आणि त्यांनी आमची पेटी खाटेखाली अगदी भिंतीपर्यंत ढकलून दिली.

"पोरी, माले नको तो खेळ," ते म्हणाले. "तू माले धड पाहिजे."

खाटेखाली धूळ होती, झुरळे होती. पावसाळ्यात ओल आली आणि आमच्या तळाला चिकटवलेले बनातीचे मऊ कापड सुटले. मला अंधाराची भीती वाटत नव्हती. मला भीती वाटे ती पुन्हा त्या घरात उभे राहण्याची. दार उघडे, समोरून ते प्यादे येते आहे, आणि आपल्याला हलता येत नाही. हे मला सारखे दिसे.

दिवाळीला लताबाई आल्या. त्यांनी पेटी कुठे आहे म्हणून विचारले. जीवरामभाऊंनी नजरेनेच खाट दाखवली. लताबाईंनी स्वतः वाकून ती ओढून काढली, फडक्याने पुसली आणि भाचीसमोर पट मांडला. यशोधराचे ओठ पांढरे पडले.

"तुले भ्याव वाटस?" आत्याने विचारले.

"हो."

"माले बी वाटे. पहिल्यांदा बाळंतपणाच्या वार्डात उभी राहिले ना, तवा पाय लटलट कापत होते. आजबी कापतस." त्यांनी पट थोडा बाजूला सारला. "तुला खेळायचं नसेल तर नको खेळू. पण भ्याव वाटस म्हणून नको, असं मला सांगू नको. तसं तर मग काहीच करता येनार नही."

यशोधरा रडली. आत्याने तिला रडू दिले आणि त्या तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी यशोधराने तोच हरलेला डाव मांडला. त्या काळ्या प्याद्यापर्यंत आली आणि तिने पट उधळला. संध्याकाळी पुन्हा मांडला, पुन्हा उधळला. असे कितीतरी दिवस चालले. प्रत्येक वेळी ते प्यादे माझ्यावर येई आणि प्रत्येक वेळी मी मरे. मी थकून गेलो होतो. पण हळूहळू तिचे हात शेवटच्या चालीपर्यंत टिकू लागले आणि मग तिला डाव दिसू लागला. आधी तिला फक्त भीती दिसत होती.

तिला दिसले की सगळे त्या एका घरावर ठरते. काळ्याने राजाचे प्यादे जिथे आणून ठेवले, ते घर तेव्हा मोकळे होते. तिथे कुणाचा पहारा असता तर? तिने मला उचलले आणि घरातून बाहेर काढून राजाच्या उंटापुढच्या प्याद्यासमोर ठेवले. मी तिथून नेमका त्याच घरावर नजर ठेवून होतो. आता काळ्याने प्यादे तिथे आणले तर मी ते सरळ खाणार होतो.

पण तिला आपली सुरुवात सोडायची नव्हती. तोच डाव हवा होता, फक्त वाट दुसरी हवी होती. मग ती क्रम लावत बसली. मला अगदी पहिल्या चालीला काढावे? तसे केले तर काळा उंटापुढचे प्यादे सारून तिला कधी न खेळलेल्या डावात ओढू शकत होता. तिने ते खेळून पाहिले आणि मान हलवली. आधी वजिराचे प्यादे. मग घोडा. मग उंटाचे प्यादे. तिसऱ्या चालीनंतर पट पाहिला, तर तिचाच आवडता डाव समोर होता. तेच प्यादे, तीच धडक. फरक एवढाच होता की माझे घर रिकामे होते.

"बाबा," ती जीवरामभाऊंना म्हणाली, "मला एकदा जळगावला जायचंय."

त्यांनी पटाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "मीबी येस तुनासंगे."

पुढच्या हिवाळ्यात यशोधरा, जीवरामभाऊ आणि लताबाई तिघे एसटीने निघाले. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा यशोधरा खाली उतरून उलटी करून आली. लताबाईंनी तिला पाणी दिले आणि शेजारी बसवून घेतले. भीती कमी झालेली नव्हती. पेटीत मीही इतर सोंगट्यांना धडकत होतो आणि मला वाटत होते की ही गाडी परत फिरावी.

ती एकेक डाव जिंकत गेली, पण शेवटच्या फेरीत समोर पुन्हा बन्सीलालभाऊ आले. दोघांचे गुण सारखे होते. जिंकेल तो राज्याला जाणार, आणि बरोबरी झाली तर नियमाप्रमाणे बन्सीलालभाऊच जाणार. जीवरामभाऊंना आत बसवेना. ते फाटकाजवळच्या निंबाखाली जाऊन उभे राहिले.

यशोधराने ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हटले आणि वजिराचे प्यादे पुढे सारले. बन्सीलालभाऊंनीही तेच केले. घड्याळ आपटले.

आता दुसरी चाल. मित्रांनो, हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. तिचा हात उंटाच्या प्याद्याकडे गेला. स्पर्धेत ज्याला शिवले तेच सोंगटे खेळावे लागते. तिची बोटे प्याद्यावर आली. समोर बन्सीलालभाऊंचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. तो काळा घोडा आजही तिथे होता! मागे उभे असलेले लोक पुढे वाकले. मी माझ्या घरात उभा होतो आणि मला पळता येत नव्हते.

बोटे थांबली. ती इतकी कापत होती की मला वाटले, आता लागलीच प्याद्याला. मग तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, मुठी वळल्या. मला उचलले तेव्हा तिचा तळवा बर्फासारखा गार होता. तिने मला त्या घरावर ठेवले, पण नीट ठेवता आले नाही. मी दोनदा टकटक वाजलो.

बन्सीलालभाऊंचे गुणगुणणे थांबले. खिशावरचा हात त्यांनी खाली घेतला आणि पटावरचा आपला घोडा पुढे काढला. यशोधराने उंटाचे प्यादे पुढे केले. पट तिच्या ओळखीचा झाला.

पण भीती गेली नाही. सबंध दुपारभर ती तिथेच होती. हॉलमध्ये जेवणाची वेळ झाली, वांग्याच्या भरिताचा वास आला, लोक उठून गेले आणि परत आले. यशोधरा खेळत होती आणि घाम पुसत होती. एक प्यादे तिच्या पदरात जास्त आले. तेव्हा बन्सीलालभाऊ हळूच म्हणाले, "बरोबरी करायची का? चांगली खेळलीस. कोणी नाव ठेवणार नाही."

किती सोपे होते! मान डोलावली की सुटका. तिने एकदा पटावरच्या त्या जास्तीच्या प्याद्याकडे पाहिले. मग तिने नुसती मान हलवली. नाही.

पुढे आम्ही मोजकेच उरलो. शेवटी तिने मला उचलले आणि मी एका उडीत काळ्या राजाला शह दिला. त्याच उडीत त्यांचा हत्तीही माझ्या तावडीत आला. राजा हलला की हत्ती जाणार होता. बन्सीलालभाऊंनी पाहिले, घड्याळ हळूच बंद केले आणि डाव सोडला.

कुणी हसले नाही. त्यांनी आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडे केले. ते घामाने भिजले होते.

"हे बघ," ते म्हणाले. "तू ती घोड्याची चाल केलीस ना, तेव्हापासून. त्या फासाच्या पुढचं मला फारसं येत नाही गं. आता लोकांना कळेल म्हणून दिवसभर जीव मुठीत धरून बसलो होतो."

लताबाईंनी धावत बाहेर जाऊन जीवरामभाऊंना सांगितले. ते तिथेच निंबाखाली मटकन खाली बसले.

यशोधरा राज्य स्पर्धेला गेली. तिथे ती मधल्या नंबरात आली, आणि दर डावाआधी तिला मळमळलेच. पुढे ती साक्रीला शिक्षिका झाली. आता प्लॅस्टिकचे संच आले आहेत, आमच्यातली काही प्यादी हरवली आहेत आणि मी तिच्या खिडकीत एकटाच उभा असतो. मला त्याचे दुःख नाही. कधीमधी ती मला पुसते, तेवढे पुरे आहे.

मित्रांनो, जुनी लाकडी सोंगटी घरात असतील तर त्यांना ओलीपासून जपा. आणि माणसांना तर त्याहून जपा. कुणी हरले तर भोवती जमून हसू नका. कुणी घाबरले असेल, तर "घाबरू नकोस" एवढे म्हणून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. हात कापत असतानाही माणसाला योग्य चाल करता येते, फक्त तेवढा वेळ कुणीतरी त्याच्या शेजारी असावे लागते.