माझा आखूड पाय आणि प्रभाचा फोटो

मी वासुदेव फोटोग्राफरचं स्टूल बोलतोय. अल्बमात मला शोधू नका, मी फोटोत कधीच नसतो. पण डहाणू-तलासरीकडच्या कितीतरी लग्नांत माणसं फोटोसाठी खरंखुरं हसली, त्यात माझाही वाटा आहे.

माझा जन्म डहाणूजवळच्या आगर गावातला. बारक्या सुतार माझ्या चौथ्या पायावर खूण करत होता, तेवढ्यात अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे उतरले. त्यांना हाकलून, पोटभर शिव्या घालून तो परतला आणि भलत्याच खुणेवर करवत चालवून मोकळा झाला. पाय बोटभर आखूड राहिला. "ढलपी सरकवा खाली, कोणाला कळतंय!" म्हणत त्याने मला वासुदेवच्या गळ्यात मारलं. तेव्हापासून लाकडाची ती ढलपी म्हणजे माझी चप्पल.

ग्रुप फोटो काढावा तर वासुदेवनेच. कॅमेरा तिकाटण्यावर, बटणाची लांब वायर मुठीत, आणि स्वारी शेजारी माझ्यावर उभी. "उंच मागे, म्हातारे खुर्चीत, पोरं खाली! गॉगल काढा! ज्याला लेन्स दिसत नाही, तो फोटोत दिसणार नाही!" 'तीन' ऐकलं की माणसं श्वास कोंडून पुतळे होतात, म्हणून हा 'दोन'लाच बटण दाबायचा. त्या वेळी मी हळूच कुरकुरायचो. लोकांना वाटायचं, आता पडतो हा! सगळे हसायचे आणि फोटो झकास यायचा.

सत्याऐंशी साली नरपडच्या प्रभाचं लग्न होतं. नवरा विपुल, तलासरीला शिक्षक, मूळचा वेवजीचा. सकाळीच प्रभा वासुदेवला गाठून म्हणाली, "वासूकाका, मला दुसरं काही नको. बाबा आणि मोठे काका एका फोटोत हवेत, आणि दोघांची तोंडं एकाच बाजूला."

तिचे वडील रतन आणि काका जगन पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चिकूच्या दोन वाड्या, मध्ये एक विहीर, आणि पंप आधी कोणी चालवायचा यावरून अबोला. मला तर हसू आलं. पण पोरीचा चेहरा बघून मी ते आवरलं.

दुपारी वऱ्हाड परत न्यायला थांबलेल्या वेवजीच्या बसने हॉर्नवर हॉर्न द्यायला सुरुवात केली. नवऱ्याच्या मित्रांनी गॉगल अदलाबदल करत जादाचा रोलही संपवत आणलेला. आता एकच फोटो उरला होता. प्रभाने दोघांच्या खुर्च्या शेजारी मांडल्या. दोघांनी आपापली खुर्ची उचलली. एक या टोकाला जाऊन बसला, दुसरा त्या टोकाला. जगनने सुरूच्या झाडांकडे तोंड फिरवलं, रतनने पंगतीकडे.

"जगनभाऊ, इकडे बघा!"

"मी बघतोय, तुम्ही काढा ना!" सुरूकडेच बघत उत्तर आलं.

"रतनभाऊ, मान सरळ!"

"आधी पलीकडच्यांना सांगा."

मी कुरकुरलो. सगळं वऱ्हाड हसलं. हे दोघे सोडून. प्रभाचे डोळे भरून आले. वासुदेव म्हणाला, "एक..."

मला राहवलं नाही. मी ढलपीवरून पाय काढला. खोटं कशाला बोलू, मुद्दामच काढला.

वासुदेव हवेत हात फिरवू लागला. "अरे, वासू पडला!" दोन्ही टोकांहून एकदम ओरड आली आणि दोघे भाऊ हात पसरून धावले. वासुदेवची मूठ आवळली. खटक! दोघांनी त्याला दोन बगलांत झेललं. मी मात्र उडून रतनच्या गुडघ्यावर आदळलो.

"लागलं का रे?" जगनने विचारलं. वासुदेवला नाही, रतनला.

रतन गुडघा चोळत म्हणाला, "नाही, दादा."

पाच वर्षांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी. बससुद्धा हॉर्न विसरली.

पंधरा दिवसांनी वासुदेव तोंड लपवतच फोटो द्यायला गेला. रांगा मोडलेल्या, विपुलचं बाशिंग कानावर आलेलं. आणि सगळ्यांच्या पुढे दोन भाऊ: सारखाच उघडा जबडा, सारख्याच वर गेलेल्या भुवया, सारखाच पुढे आलेला हात. दोघांची तोंडं एकाच बाजूला, थेट लेन्समध्ये. प्रभा आधी हसली, मग रडली. तोच फोटो आज दोन्ही घरांत टांगलेला आहे. विहिरीचा वाद मिटलेला नाही. पण आता दोघे चहा पीत समोरासमोर भांडतात.

आता व्हिडिओचा जमाना आला. वासुदेवचे गुडघे चढायला नको म्हणतात. मी डहाणूच्या स्टुडिओत दाराशी असतो, डोक्यावर मनीप्लांटची कुंडी. परवा एक सुतार म्हणाला, "चारही पाय सारखे करून देतो." जगन आणि रतन पासपोर्टचे फोटो काढायला आले होते. दोघे एकाच सुरात ओरडले, "हात लावू नको त्याला!"

मला भरून आलं हो. म्हणून एकच मागणं आहे. तुमच्याकडे लग्न असेल, आणि फोटोत कोणी तोंड फिरवून बसणार असेल, तर कुंडी उतरवून मला घेऊन चला. ढलपीचं काय करायचं, ते माझं मी बघतो.