पोटातला डमरू

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास दिपमालाच्या पोटातून डमरू वाजला आणि मंडपातली दोन-तीनशे माणसं हात जोडून उभी राहिली.

आवाज होता खरा. डुबुक-डुबुक-डुबुक, एकसारखा, भरधाव. महादेवाच्या देवळापुढच्या मंडपाला दोन्ही बाजूंनी बांधलेल्या भोंग्यांतून तो बाहेर पडत होता आणि पार नरडाण्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. रस्त्याने जाणारे मोटारसायकली थांबवून आत डोकावत होते. दिपमाला भगव्या पडद्याआड खाटेवर पडली होती. पडद्याच्या अलीकडे भिकन महाराज बसले होते, आणि त्यांचा शंख धरलेला हात पडद्याच्या फटीतून तिच्या पोटावर टेकला होता.

"हा डमरू कोण वाजवतंय?" महाराजांनी माइकवर विचारलं. "बोला, कोण वाजवतंय?"

"महादेव," मंडप म्हणाला.

"डॉक्टर म्हणतो, या लेकराला डोकं नाही. अरे बाबांनो, डोकं लागतं कशाला? शंका घ्यायला. ज्याला शंकाच घ्यायची नाही त्याला डोकं हवं कशाला? यंत्राला हाड दिसतं, तेज दिसत नाही. तेजाने डॉक्टरचे डोळे दिपले आणि बिचारा म्हणाला, इथे काहीच नाही. सातव्या महिन्यात मस्तक वरून उतरेल. फक्त एक पथ्य. दवाखान्याची पायरी चढायची नाही. चढलात की डमरू बंद."

लोकांनी माना डोलावल्या. शंका घेणाऱ्या डोक्यांना नावं ठेवली जात असताना ती डोकी मोठ्या भक्तीने हलत होती.

पडद्याआड दिपमालाच्या उशाशी तिची सासू बेबाबाई बसली होती. गावात बेबाबाईचा संशयी म्हणून लौकिक होता. पाहुण्याने 'जेवून आलो' म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसे. एसटीची पाटी वाचूनही ती कंडक्टरला विचारी आणि कंडक्टरने सांगितल्यावर शेजारच्या बाईला विचारी. अशी बाई या मंडपात कशी आली, याचं उत्तर एवढंच की दुसरी बातमी याहून वाईट होती.

तीन आठवड्यांपूर्वी धुळ्याला सोनोग्राफी झाली. दिपमालाला तेव्हा एकोणीस आठवडे भरले होते. डॉक्टरांनी पडदा दोनदा पाहिला आणि सांगितलं, बाळाची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच झालेला नाही, हे मूल जगणार नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन लवकर काय ते ठरवा. बेबाबाईला त्या डॉक्टरचाच संशय आला. मुलगा युवराज नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने तिथल्या भिंतीवर बोर्ड पाहिला होता, गर्भाचं काहीतरी करणं गुन्हा असल्याचा. पोलिसांचं नाव निघताच घर गप्प झालं. चौथ्या दिवशी भिकन महाराज आपण होऊन दारात उभे राहिले. ते कुठले, आधी काय करत होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. युवराज त्यांच्या पायावर पडला.

शंख ठेवण्याआधी पोटाला मंतरलेलं तूप लावायचा विधी होता. परपुरुषाचा हात नको म्हणून ते काम बेबाबाईकडे होतं. त्या सोमवारी वाटीत बोटं घालताना तिचा हात थबकला.

वैशाख होता. घरातलं तूप डब्यात पाण्यासारखं पातळ होऊन पडलं होतं. हे मात्र जेलीसारखं थरथरत उभं होतं, आणि हाताला गार लागत होतं. तिने बोटं नाकाशी नेली. तुपाचा वास नाही, कसलाच वास नाही. घरी जाईपर्यंत बोटांवरचं तूप वाळलं आणि त्याचे पापुद्रे सुटले. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाला. चाळीस वर्षं लोणी कढवलेल्या बाईला हे तूप आहे असं कोण पटवून देणार?

"हाई तूप नही शे," ती युवराजला म्हणाली.

"माय, तू देवावर बी संशय घेस," युवराज म्हणाला आणि ताटावरून उठला.

मंगळवारी उपकेंद्रात गरोदर बायांची तपासणी असे. सोमवारीच वाटीतून एका पानात काढून ठेवलेलं ते 'तूप' साडीच्या निऱ्यांत लपवून बेबाबाई प्रज्ञा सिस्टरपुढे उभी राहिली. प्रज्ञा धुळ्याहून स्कूटीवर येई. ती कमी बोले, म्हणून बेबाबाईचा तिच्यावरही संशय होता.

प्रज्ञाने पानातलं बोटावर घेतलं, चोळलं. "अक्का, हे सोनोग्राफीला लावतात ते जेल आहे. त्या दिवशी धुळ्याला दिपमालाच्या पोटाला हेच लावलं असेल."

बेबाबाईला तो गार गोळा आठवला. दिपमाला तेव्हा शहारली होती.

प्रज्ञाने कपाटातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. त्याला वायरने जोडलेली एक जाड दांडी होती. खाटेवर शेजारच्या गल्लीतली पुनम होती, सातवा महिना. प्रज्ञाने तिच्या पोटाला जेल लावून दांडी टेकवली, थोडी फिरवली. डुबुक-डुबुक-डुबुक.

बेबाबाई खाली बसली. "पुनमना पोटमा बी महादेव शे?"

"सगळ्यांच्याच पोटात हा आवाज असतो. बाळाचं हृदय. मिनिटाला एकशे चाळीस ठोके, आपल्या जवळजवळ दुप्पट, म्हणून डमरूसारखं वाटतं. त्यांच्या शंखात अशीच दांडी असणार आणि वायर भोंग्याला. हे यंत्र कुणालाही विकत मिळतं."

बेबाबाईचा चेहरा एकदम उजळला. प्रज्ञाला जे भय वाटत होतं तेच झालं.

"म्हंजे लेकरू जिवत शे. मंग डॉक्टरच खोटं बोलना."

प्रज्ञाने यंत्र बंद केलं, पुनमला बाहेर बसवलं आणि स्टूल जवळ ओढलं. "अक्का, हृदय चालू आहे हे खरंच आहे. पोटात असेपर्यंत ते आईच्या रक्तावर चालतं. पण श्वास घ्यायला मेंदू लागतो, आणि तोच झालेला नाही. जन्मल्यावर काही मिनिटं, काही तास. मेंदू ज्या नळीतून घडतो तिचं डोक्याकडचं टोक पहिल्या महिन्यातच मिटायचं राहून गेलं. यात दिपमालाची चूक नाही, ग्रहणाची नाही, कुणाच्या नजरेची नाही."

बेबाबाईने पान घडी करून पुन्हा निऱ्यांत खोचलं. मग तिने विचारलं, "पन ते गुन्हा शे ना?"

"मुलगा की मुलगी हे पोटात तपासणं गुन्हा आहे. तो बोर्ड त्याचा. गर्भपाताचा कायदा वेगळा. आईच्या जिवाला किंवा तब्येतीला, मनाच्या तब्येतीलासुद्धा, धोका असेल, बाळात मोठं व्यंग असेल, बलात्कारातून दिवस गेले असतील, नाहीतर पाळणा लांबवायचं साधन फसलं असेल, तर कायदा परवानगी देतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस, आणि कारण व्यंगासारखं ठरावीक असेल, तर दोन डॉक्टरांचं. चोवीसच्या पुढे व्यंगासाठी दार बंद होत नाही, पण मग डॉक्टरांच्या मंडळासमोर जावं लागतं. दिपमालाला बावीस भरलेत."

"तुनावर तरी कसा भरोसा ठेवू?"

"नका ठेवू," प्रज्ञा शांतपणे म्हणाली. "कायदाही तेच म्हणतो. वीस आठवड्यांनंतर एकट्या डॉक्टरवर भरवसा नाही, दोघांनी सांगायचं. पुन्हा सोनोग्राफी करायला सांगा. पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. हवं तितक्या वेळा विचारा."

संशय घेणाऱ्या बाईला 'विचारा' म्हणणारं माणूस आयुष्यात क्वचितच भेटलं होतं.

गुरुवारी पुन्हा मंडप भरला. या वेळी तळोद्याकडून एक टेम्पो आला होता. दिपमाला पडद्याआड गेली, वाटी आली, महाराजांचा हात शंखासकट फटीतून आत आला. बेबाबाईने तूप घेतलं, पण सुनेच्या पोटाला लावलं नाही. स्वतःच्या मानेला, जबड्याच्या खाली, जिथे नस उडते तिथे चोपडलं. आणि महाराजांचं मनगट धरून शंख आपल्या गळ्यावर दाबला.

भोंग्यांत आधी खरखर झाली. मग आवाज आला. धप्प. धप्प. धप्प. संथ, म्हातारा.

मंडप हात जोडून उभा राहू लागला आणि तेवढ्यात बेबाबाईने दुसऱ्या हाताने पडदा बाजूला सारला. लोकांनी पाहिलं, शंख बेबाबाईच्या गळ्याला होता आणि ती महाराजांचं मनगट सोडत नव्हती.

"मना गळामा बी महादेव शे का, महाराज?" तिने विचारलं. माइक जवळच होता, त्यामुळे हेही नरडाण्याच्या रस्त्यापर्यंत गेलं.

"पापिणी," महाराज म्हणाले. "डमरू बंद पडेल. तुझा वंश—"

"बंद कोठे पडना? वाजी ऱ्हायना. पुनमना पोटवर ठेवा. ती आठे बठेल शे."

पुनम पहिल्याच रांगेत होती, आणि उठून पुढेही आली. महाराजांनी शंख छातीशी घट्ट धरला. देवस्थानाचे अध्यक्ष लीलाधरभाऊ इतका वेळ त्यांच्या शेजारी हात जोडून बसले होते. शंखाच्या बुडातून निघून महाराजांच्या बाहीत गेलेल्या लाल रेशमी गोफाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी गोफ ओढला. रेशमाच्या आत काळी वायर निघाली, वायरीपाठोपाठ शालीतून एक छोटं यंत्र घरंगळत बाहेर आलं आणि पाटावर पडलं. त्यावर आकडा लुकलुकत होता. भोंगे गप्प झाले.

प्रज्ञा सिस्टर मागे उभी होती. तिने पुढे येऊन ते यंत्र उचललं, शंखातली दांडी बाहेर काढली आणि ती पुनमच्या पोटावर, मग लीलाधरभाऊंच्या गळ्यावर धरून लोकांना ऐकवलं. हसू कुणालाच आलं नाही. लीलाधरभाऊंनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात फोन केला. आणि युवराज आईकडे न पाहता खाटेवरच्या बायकोकडे पाहत राहिला. ती उठून बसली होती, पदर सारखा करत होती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉ. वृषाली वयाने लहान होत्या, त्यामुळे बेबाबाईने त्यांच्यावर आधीच डोळे रोखले होते. पडदा वळवला गेला. हा कणा, हे हात, हे हृदय, आणि इथे कवटीची गोल रेघ दिसायला हवी होती. बेबाबाईने एकच प्रश्न चार वेळा विचारला. डॉक्टरांनी चारही वेळा तेच उत्तर दिलं, आवाज न चढवता. मग दुसरे डॉक्टर आले. त्यांनी स्वतः पाहिलं आणि स्वतंत्र कागदावर तेच लिहिलं.

"मी सही करू का?" युवराजने पेन काढलं.

"नाही," डॉ. वृषाली म्हणाल्या. "त्या सज्ञान आहेत. कायद्याने फक्त त्यांची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. आणि त्यांचं नाव इथून बाहेर जाणार नाही. तुम्ही दोघं जरा बाहेर बसा. मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय."

बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर बेबाबाईला पहिल्यांदा जाणवलं की तीन आठवडे तिने डॉक्टरला विचारलं होतं, महाराजाला विचारलं होतं, सिस्टरला विचारलं होतं. सुनेला काही विचारलं नव्हतं.

अर्ध्या तासाने दार उघडलं. दिपमालाचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता. "आत्याबाई, मी सही करी. पहिल्या दिवसपासून माले समजेल व्हतं. माले कोनी इचारंच नही."

बेबाबाई उठली. तिने दिपमालाची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली.

रक्त तपासलं, एक गोळी दिली. दोन दिवसांनी भरती करून घेतलं आणि काही तासांच्या अंतराने दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. कळा बाळंतपणासारख्याच आल्या. नर्स वेदना कमी करायचं इंजेक्शन देत होती, दर वेळी सांगत होती की आता काय होईल. संध्याकाळी सगळं संपलं. पाहायचंय का, असं नर्सने विचारलं. दिपमाला हो म्हणाली. बेबाबाईनेही पाहिलं. पांढऱ्या कापडात ते पपईएवढं होतं, आणि डॉक्टरांनी चार वेळा सांगितलं होतं तसंच होतं.

घरी आल्यावर दूध उतरलं. याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती, गोळीही दिली होती. तरी त्या दिवशी दिपमाला भिंतीकडे तोंड करून रडली आणि बेबाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायची, किती ते डॉक्टर सांगतील, असं प्रज्ञा घरी येऊन सांगून गेली. त्याने पुन्हा असं होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. युवराजने ते नाव कागदावर लिहून घेतलं.

पुढे गावात बाया बेबाबाईकडे येऊ लागल्या. कुणाची लेक, कुणाची जाऊ. त्यांना तिने कधी 'डॉक्टर देव असतात' असं सांगितलं नाही. तिचं सांगणं वेगळं होतं.

"बठ्ठास्ले इचारा. डॉक्टरले इचारा, सिस्टरले इचारा, महाराजले बी इचारा. तोच प्रश्न परत इचारा. जो उत्तर देस त्याना जवळ बठा. जो शाप देस त्याना जवळून उठा. आनि पह्यले तिले इचारा, जिनं पोट शे."