सातच्या पाढ्यातला स

शाळेची व्हॅन दुकानासमोर थांबली तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कानसेनांच्या लक्षात आलं. व्हॅन चालवणाऱ्या ताई एरवी हॉर्न वाजवत यायच्या. आज दार आपटून उतरल्या.

"डाव्या बाजूचा स्पीकर गेला," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे बसवला होता तुम्ही. पोरं विचारतात, मावशी, गोष्ट अर्ध्या तोंडाने का बोलते?"

गाड्यांमध्ये स्टीरिओ, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवणाऱ्या या गृहस्थांना सगळा बाजार कानसेन म्हणायचा. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. चालत्या गाडीतला एखादा सैल स्क्रूसुद्धा त्यांना ऐकू येतो, असा त्यांचा लौकिक. तो त्यांनाही आवडायचा.

त्यांनी स्पीकर उपसून नाकाशी धरला. "जळलाय. आवाज फार वाढवला की असंच होतं. कोण वाढवतं?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. पुढच्या सीटवर त्यांचे सासरे बसले होते.

"मामंजी, मी म्हणत नव्हते? दुपारी व्हॅन दारात उभी असते ना, तर हे आत बसून श्रुतिका ऐकतात. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून आवाज एवढा, की नाटकातला खुनी कोण ते शेजाऱ्यांनाही कळतं."

आजोबा सावकाश खाली उतरले. "माझ्याच हातून झालं असेल," ते कानसेनांना म्हणाले. "तुमच्या चांगल्या कामाची माती केली. माफ करा."

"असू द्या, आजोबा. मी आवाजाच्या बटणाला चिकटपट्टी लावून देतो. तिच्यापुढे ते फिरणारच नाही."

"पट्टी कशाला? मी बसतच नाही आता व्हॅनमध्ये," आजोबा म्हणाले, आणि सुनेच्या मागून चहा प्यायला निघून गेले.

कानसेनांनी पट्टी लावली, नवा स्पीकर बसवला आणि सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन जुळवायला घेतला. गेन हा एक छोटासा स्क्रू असतो. पुष्कळांना वाटतं, आवाज वाढवायचं ते आणखी एक बटण. तसं नाही. स्टीरिओकडून आलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरने किती उचलून धरायचा, ते हा स्क्रू ठरवतो. बाळाला वर उचलताना आपण छताचा अंदाज घेतो, तसं आहे हे. जास्त उचललं तर आवाजाचं डोकं छताला आपटतं, तो चपटा होतो, फाटतो. असा फाटका आवाज रोज सोसून स्पीकर जळतो, मग ऐकणाऱ्याने बटण बेताने फिरवलं तरीसुद्धा. म्हणून स्टीरिओ पाऊणपट चढवायचा, गेन अगदी खाली ठेवायचा आणि हळूहळू वर आणायचा. फाटायला लागलं की जरा मागे यायचं.

हे मीटर लावूनही करता येतं. दुकानात मीटर होता. कानसेनांची लेक त्यांच्याबरोबरच काम करायची आणि तोच वापरायची. "मीटरला कान असतात का गं?" असं म्हणून ते तिला चिडवायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. लेक पहिलीत असताना तिने म्हटलेला सातचा पाढा त्यांनी रेकॉर्ड करून ठेवला होता. गेन लावताना ते तोच वाजवायचे. गाण्यात वाद्यं सगळं झाकून घेतात, लहान पोरीच्या तोंडचा 'स' काही झाकत नाही, सगळ्यात आधी तोच फाटतो, असं त्यांचं शास्त्र. मनासारखं झालं की स्क्रूपाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. तो ठिपका म्हणजे त्यांची सही.

'सात एके सात, सात दुणे चौदा...' व्हॅनमध्ये पाढा सुरू झाला. त्यांनी स्क्रू हळूहळू फिरवला.

"बाबा, थांबा. फाटतंय," बाकावर तारा सोलत बसलेली लेक म्हणाली.

"कुठे फाटतंय? खणखणीत आहे."

"अहो, प्रत्येक सातला! माझाच आवाज आहे, मला कळणार नाही?"

कानसेन हसले. "बरं, बाईसाहेब. पाठ फिरवून उभ्या राहा आणि फाटलं की हात वर करा. बघू कोणाचे कान खरे."

त्यांनी गेन खाली आणून पुन्हा सुरुवात केली. स्क्रू जरासाच फिरला आणि लेकीचा हात वर गेला. त्यांना आवाज स्वच्छ वाटत होता. ते फिरवत राहिले. लेकीचे खांदे आक्रसले, मग तिने दोन्ही कानांत बोटं घातली. तेव्हा कुठे त्यांना 'सात'मध्ये जराशी खरखर लागली. त्यांनी सवयीने स्क्रू थोडा मागे घेतला आणि टॉर्च मारून पाहिलं. तो बरोबर पांढऱ्या ठिपक्यावर आला होता.

त्यांच्याच हाताने, त्यांच्याच कानाने मागच्या वेळी दिलेला ठिपका.

लेक जवळ येऊन वाकली. तिनेही ठिपका पाहिला. "म्हणजे आजोबांनी काही..."

"मीटर आण," कानसेन म्हणाले.

तिने मीटरवर गेन जुळवून दिला. त्यांनी नवा ठिपका दिला आणि जुना ब्लेडने खरवडून काढला. लेक बघत होती, पण बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं.

ताई परत आल्या. आवाज ऐकून खूश झाल्या. "बघितलंत, मामंजी? नीट वापरलं तर किती छान चालतं!" आजोबांनी मान डोलावली. ते पुढे बसले नाहीत. मागे, मुलांच्या बुटक्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. कानसेनांनी तोंड उघडलं. पण व्हॅन सुरू झाली, आणि त्यांनी ते मिटलं.

त्यानंतर रस्त्याने गाडी गेली की तिच्यातले स्पीकर आपणच बसवलेले असतील असं वाटे. तिच्या सीटखालीही तसाच ठिपका असेल, आणि त्या घरातही कुणीतरी कुणाला तरी बोललं असेल.

"सांगितलंत त्यांना?" एके दिवशी डबा उघडताना लेकीने विचारलं.

"काय सांगायचं? नवा स्पीकर घातला, गेन नीट लावला. कुणाचं काय अडलंय?"

"आजोबांचं," ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे भाजी सरकवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कानसेन ताईंच्या घरी गेले. व्हॅन दारात उभी होती, रिकामी. आत आजोबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. समोर व्हॅन दिसत होती.

"या, या," ताई म्हणाल्या. "स्पीकर झकास आहे हो. आणि आता बिघडणार पण नाही. मामंजी फिरकतसुद्धा नाहीत."

"त्यासाठीच आलोय," कानसेन म्हणाले. उभ्या उभ्याच. बसले असते तर पाण्याचा पेला आला असता, गप्पा झाल्या असत्या, आणि सांगायचं राहून गेलं असतं. "स्पीकर आजोबांनी नाही जाळला. मी जाळला. गेन मी चुकीचा लावला होता. बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत. ते त्याच दिवशी कळलं, तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा. तरी मी गप्प बसलो."

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "त्याच दिवशी? अहो, त्यानंतर रोज मी यांना टोचून बोलतेय! पोरांसमोर बोलले!" त्या सासऱ्यांकडे वळल्या.

आजोबांनी कानामागे तळहात धरला. "काय म्हणतात हे?"

कानसेन त्यांच्यासमोर वाकले आणि पुन्हा सगळं मोठ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

"म्हणजे मी बहिरा नाही?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही बहिरे आहातच, मामंजी," ताई म्हणाल्या. "पण स्पीकर तुम्ही नाही जाळला. चुकलं माझं."

आजोबा काठी घेऊन उठले. "चला. श्रुतिकेची वेळ झाली."

व्हॅनमध्ये ते आपल्या जागी बसले. कानसेन शेजारी, स्टिअरिंगपुढे. त्यांनी बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली. श्रुतिका सुरू झाली. कुणी बाई कुणाला तरी हळू आवाजात विनवत होती.

"ऐकू येतंय?" आजोबांनी विचारलं.

"थोडं थोडं. 'स' निसटतात."

"माझं तर अख्खं वाक्य निसटतं. वाढवा."

कानसेनांनी आवाज वाढवला. पट्टी निघाली होती, पण तिचा चीक बटणावर तसाच होता. त्यांचं बोट त्याला चिकटलं. ते अंगठ्याने चीक घासत राहिले, श्रुतिका संपेपर्यंत.