पुढचं इंजिन

मोहनसिंग आडे देवमन खिल्लारेकडे आला तो बैलगाडीत कडब्याखाली झाकलेलं एक इंजिन घेऊनच. चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. कारंजा लाडच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमध्ये देवमन कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचा पिस्टन घासत बसला होता. पंधरा वर्षं हवाई दलात फिटर म्हणून काढून तो गावाकडे परतला होता. विमानं सुटली, आता डिझेल पंप होते.

कडबा बाजूला केला तसा देवमनचा हात थांबला. चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, लहान विमानाचं इंजिन.

"कुठून आणलं?"

"नागपूरहून. पडेल विमान होतं, भंगारात निघालं. इंजिन धड हाय, भाऊ. पाह्य तू."

मोहनसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यातला. विमानानं कपाशीवर फवारणी व्हायची तेव्हा तो शेताच्या टोकाला झेंडी धरून उभा राहायचा. डोक्यावरून विमान जायचं आणि हा औषधानं भिजायचा. पुढे तो नागपूरला विमानं धुण्याच्या कामाला लागला. तिथल्या एका शिकवणाऱ्या माणसाचा त्याच्यावर जीव जडला आणि त्यानं मोहनसिंगला उडवायला शिकवलं. उडवण्याचे पस्तीस-चाळीस तास त्याच्या गाठीला होते. आता तिशी गाठली होती, घरी बायको होती, धनीबाई, आणि डोक्यात एकच गोष्ट होती: छोट्या वावरावर फवारता येईल असं छोटं यंत्र.

ते यंत्र कोणतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. गायरोप्लेन. डोक्यावर मोठा पंखा, पण त्याला इंजिन जोडलेलं नसतं. इंजिनाचं काम स्वतःच्या छोट्या पंख्यानं यंत्र पुढे नेण्याचं. समोरून येणाऱ्या वाऱ्यानं वरचा पंखा आपोआप फिरतो आणि तोच यंत्राला उचलून धरतो. इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरत राहतो आणि माणूस सुखरूप खाली येतो. धावपट्टी लागत नाही, मोकळं बरड माळरान पुरतं.

भांडण सुरू झालं ते इंजिन कुठं बसवायचं यावरून.

मोहनसिंगला ते पाठीमागे हवं होतं. "समोर काई नाई पाह्यजे. पऱ्हाटीचं बोंड न् बोंड दिसलं पाह्यजे मले."

देवमन म्हणाला, "पुढंच."

त्याला कारण होतं, आणि ते त्यानं त्या दिवशी पूर्ण सांगितलं नाही. उत्तरेतल्या एका तळावर एका तरुण अधिकाऱ्यानं हौसेनं असंच यंत्र बांधलं होतं, इंजिन मागे. भर वेगात त्याचं नाक खाली गेलं, वरच्या पंख्यावरचा भार सुटला आणि मागच्या इंजिनानं ढकलून यंत्र पालथं केलं. खाली पडल्यावर इंजिन आपल्या जागेवरून निखळून त्या पोराच्या पाठीवर आलं होतं. ते उचलणाऱ्या चौघांत देवमन होता. इंजिन अजून कढत होतं.

मोहनसिंगला त्यानं फक्त हिशेबाच्या गोष्टी सांगितल्या. पुढचं इंजिन ओढतं, ढकलत नाही, म्हणून यंत्र सरळ राहतं. त्याचा वारा शेपटीच्या सुकाणूवर जातो, म्हणून सावकाश उडतानाही सुकाणू ऐकतं. आणि पडलंच तर इंजिन आधी जमिनीला लागतं.

"आन् तोटा?" मोहनसिंगनं विचारलं.

"तोटा हाय ना. तेल तोंडावर उडन. धूर लागन. सांगाडा लांब न् जड होईन. पंख्याचा खांब तुया छातीसमोर येईन. आन् नाकाखालचं दिसनार नाई."

"म्हंजे दिसनंच गेलं."

"जीव तं राहीन."

मोहनसिंगनं मान हलवली. हो म्हणाला नाही, पण देवमनशिवाय ते यंत्र होणार नव्हतं हे त्याला कळत होतं.

अडीच वर्षं लागली. वरच्या पंख्याची पाती कारंज्याच्या एका म्हाताऱ्या सुतारानं पातळ लाकडाचे थर चिकटवून केली. एक पातं दुसऱ्याहून पावशेरानं जड निघालं म्हणून देवमननं त्याला सगळं परत करायला लावलं. दिल्लीला परवानगीसाठी दोन अर्ज गेले, उत्तर आलं नाही. मग तांड्याजवळच्या बरडावर जीपला दोर बांधून त्यांनी आधी इंजिनाशिवाय यंत्र ओढून पाहिलं. मोहनसिंग हातभर वर उठायचा आणि टेकायचा. पुढे इंजिन बसलं. शहात्तरच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी ते उडालं. बरडाला एक फेरी मारून उतरलं तेव्हा मोहनसिंगचं तोंड तेलानं काळं झालं होतं आणि तो देवमनच्या गळ्यात पडला.

यंत्र चांगलं होतं. एकदा दोनशे फुटांवर कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकून इंजिन बंद पडलं, तरी ते तिरक्या रेघेत खाली येऊन एका तुरीच्या वावरात अलगद बसलं. त्या दिवसानंतर देवमनला रात्री झोप लागू लागली. पण उतरताना एक अडचण होती आणि ती जात नव्हती. वेग कमी केला की यंत्राचं नाक वर यायचं. मग इंजिन आणि खांब मोहनसिंगच्या डोळ्यांपुढे उभे राहायचे आणि जिथं टेकायचं नेमकी तीच जागा त्यांच्याआड जायची.

"चार बोटं," मोहनसिंग म्हणाला. "इंजिन चार बोटं खाली घे."

"खाली घेतलं तं समोरचा पंखा भुईले घासन."

"मंग चाकं उंच कर."

"उंच केले तं टेकतानी उलथन."

"मंग माही बैठक वर घे."

"बैठक वर घेतली तं तोल बिघडते, मोहन. एक हलवलं का तीन गोष्टी हलतेत. तू असं कर, उतरतानी जरा तिरपं येत जाय. बाजूनं पाह्य आन् शेवटी सरळ कर."

मोहनसिंग तिरपं यायला शिकला. बरडावर त्याला ते जमायचंही. पण दर वेळी उतरल्यावर तो बोटांनी माप दाखवायचा, चार बोटं, आणि देवमन दुसरीकडे पाहायचा.

सत्त्याहत्तरच्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत यंत्र न्यायचं मोहनसिंगनं ठरवलं. तांड्यातांड्यातला अख्खा समाज तिथं जमतो. आपल्या तांड्यातला माणूस आभाळातून येतो हे लोकांनी पाहावं एवढीच त्याची इच्छा होती. देवमननं आधी नाही म्हटलं, मग दोन दिवस आधी एस.टी.नं जाऊन जागा पाहून आला. यात्रेच्या पूर्वेला एक पडीक वावर होतं. त्याच्या खालच्या बांधावरून विजेची नवी लाइन चालली होती. खांब उभे होते, तारा ओढून झाल्या होत्या, वीज अजून सोडली नव्हती. देवमननं मोहनसिंगला ते सगळं कागदावर काढून दाखवलं.

"इकडून, डोंगराकडून यायचं. तारेकडून नाई यायचं."

"नाई येत."

सकाळी वारा डोंगराच्या दिशेनं वाहत होता, सगळं ठरल्यासारखं. पण मोहनसिंगला निघायला उशीर झाला. इंजिनाचा एक प्लग काजळीनं भरला होता. तो यात्रेवर आला तेव्हा दुपार झाली होती आणि वारा फिरला होता. समोरच्या वाऱ्याशिवाय त्या लहान वावरात उतरणं शक्य नव्हतं. त्यानं दोन घिरट्या घातल्या. खाली हजारो माणसं माना वर करून उभी होती, बाया पोरांना बोटानं दाखवत होत्या. तिसऱ्या फेरीला तो तारेच्या बाजूनं खाली येऊ लागला.

देवमन वावराच्या मधोमध पांढरं धोतर घेऊन उभा होता. यंत्र तिरपं येत होतं, शिकवलं तसं. मग आडव्या झुळकेनं त्याला ढकललं, मोहनसिंगनं ते सरळ केलं, आणि नाक वर आलं. देवमननं पाहिलं की चाकं तारेच्या वर नाहीत, तारेच्या रेषेतच आहेत. त्यानं धोतर दोन्ही हातांनी जोरजोरात हलवायला सुरुवात केली, वर जा, वर जा. आणि हलवता हलवताच त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके यंत्राच्या नाकासमोर उभे आहोत. आपणही त्याला दिसत नाही. तो बाजूला पळाला. तोवर चाक तारेत अडकलं होतं.

यंत्र नाकावर कोलमडलं. वरची पाती जमिनीवर आपटून फुटली, एक तुकडा पन्नास हात लांब जाऊन पडला. सुदैवानं तिथं कुणी नव्हतं. इंजिन मातीत गुडघाभर रुतलं. आग लागली नाही. मोहनसिंगच्या पाठीवर काहीच आलं नाही. तो पुढे फेकला गेला होता आणि पंख्याच्या लोखंडी खांबावर छातीनं आदळला होता. देवमननं त्याला काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तो आठ दिवस होता. बरगड्या तुटून आत गेल्या होत्या, कमरेखाली अंग हलत नव्हतं. धनीबाई पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची. देवमन व्हरांड्यात. पाचव्या दिवशी मानोऱ्याच्या पोलीस ठाण्याचा जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा मोहनसिंगनं देवमनला आत बोलावून घेतलं आणि त्याच्यादेखत सांगितलं.

"तार मले दिसली होती. वरून निंगून जाईन असं वाटलं. चुकी माही."

जमादारानं लिहून घेतलं. देवमन भिंतीला टेकून उभा राहिला. त्या बैठकीवर तो स्वतः शंभरदा बसला होता. नाक वर असताना त्या अंतरावर तार दिसत नाही, खांबही दिसत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मोहनसिंगनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तोंड उघडून खरं सांगावं असं देवमनला वाटलं आणि त्यानं ते सांगितलं नाही. जमादार गेला.

आठव्या दिवशी दुपारी मोहनसिंग वारला.

पोलिसांनी बिनपरवाना उडवल्याचा गुन्हा नोंदवला. करणारा मेला होता, उरला देवमन. यंत्राचा सांगाडा ठाण्याच्या आवारात गेला. देवमन परत पंप दुरुस्तीला बसला. त्याची बायको भागिरथा त्याला जेवायला बोलवायची तेव्हा तो उठायचा, नाही बोलवलं तर बसून राहायचा.

महिन्याभरानं धनीबाई एकटीच कारंज्याला आली. एस.टी. स्टँडवरून विचारत विचारत शेडपर्यंत पोहोचली. भागिरथानं चहा आणून दिला, तो तिनं बाजूला ठेवला.

"भाऊ, एक इचाराले आली. तार त्याले दिसली होती का?"

देवमनकडे उत्तर तयार होतं. ठाण्यात ते लिहिलेलं होतं, मेलेल्या माणसानं स्वतः दिलेलं. तेच परत म्हटलं असतं तर त्याला कुणी काही विचारलं नसतं.

"नाई," तो म्हणाला. "नोती दिसली."

"मंग तो तसा काहून बोलला?"

"माह्यासाठी."

"मले दाखवा. काय दिसत नोतं त्याले?"

देवमननं एक डबा उपडा घालून तिला त्यावर बसवलं. समोर, मापानं जेवढ्या अंतरावर असायला हवं तेवढ्या अंतरावर, एक फळी उभी धरली आणि फळीची वरची कड इंजिनाच्या उंचीवर आणली. मग भागिरथाला त्यानं रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायला सांगितलं.

"दिसते का?"

"नाई."

त्यानं फळी चार बोटं खाली घेतली.

"आता दिसते," धनीबाई म्हणाली. "डोस्कं दिसते."

देवमननं फळी खाली ठेवली.

"मांगं बसवलं असतं इंजिन, तं जगला असता तो?"

"तार दिसली असती. उतरला असता. पन दुसऱ्या कोण्या दिवशी पडला असता तं इंजिन पाठीवर आलं असतं. मी पाह्यलं हाय तसं, बाई. म्हनून मी पुढं बसवलं."

"म्या त्या दुसऱ्या दिवसाचं नाई इचारलं."

देवमननं मान खाली घातली. "त्या दिवशी जगला असता."

"त्यानं सांगतलं होतं तुमाले? खाली घ्या म्हनून?"

"दर डाव सांगे."

धनीबाई डब्यावरून उठली. तिनं पदर सारखा केला, रस्त्यावरून परत येणाऱ्या भागिरथाकडे पाहिलं आणि तिला म्हणाली, "चहा राह्यला माहा. राग मानू नको." मग ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली. देवमन तिच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून गेला. मानोऱ्याची गाडी यायला तासभर होता. ती बाकावर बसली, तो खांबाशी उभा राहिला. गाडी आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली तरी तिनं बाहेर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवमन पहिल्या गाडीनं ठाण्यात गेला आणि आपला जबाब लिहून घ्या म्हणाला. जमादार त्याच्याकडे बघतच राहिला.

"मेलेल्यानं सोता चूक कबूल केली. तुमी काहून आपल्या गळ्यात घेऊन राह्यले?"

"त्यानं खोटं सांगतलं. लिहा तुमी."

जमादारानं कागद ओढला. देवमन एकेक गोष्ट सांगत गेला: इंजिन पुढे का, खांब कुठे, बैठक किती उंच. जमादाराला त्यातलं फारसं कळलं नाही, तरी तो लिहीत होता. खिडकीतून आवारातला सांगाडा दिसत होता. कुणीतरी त्यावर धुतलेले कपडे वाळत घातले होते.