माझ्या पोटातल्या दोन जावा

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. मासे पकडणारी, पण बाजारासाठी नव्हे. सुट्टीच्या दिवशी हौशी माणसे लांब दांड्या घेऊन माझ्यावर चढतात, भर समुद्रात गळ टाकतात आणि आपल्याहून मोठ्या माशाशी झुंजत बसतात. हातून निसटलेला मासा घरी पोहोचेपर्यंत आणखी हातभर वाढतो. असे कितीतरी वाढते मासे मला ठाऊक आहेत, पण मी कधी कुणाचे बिंग फोडले नाही.

मला दोन भावांनी मिळून बांधून घेतले. थोरला शांत दिसतो, पण आहे हट्टी. धाकटा हट्टी दिसतो, आणि आहेही. माझ्या एकेका फळीवरून त्यांचे वाजले. रंग पांढरा की निळा, यावर तर अबोला धरून झाला. शेवटी मी बाहेरून पांढरी आणि आतून निळी झाले, आणि खरे सांगते, मला ते शोभून दिसले.

माझ्या पोटात दोन डिझेल इंजिने बसवली, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. उजवे ज्या दिशेने पाण्यातला आपला पंखा फिरवी, डावे बरोबर तिच्या उलट. आत सारखी धुसफुस चाले. थोरल्याची बायको पहिल्यांदा आली, तेव्हा कान देऊन म्हणाली, "अगं बाई, या तर जावा-जावा! एक म्हणते इकडे, तर दुसरी म्हणते तिकडे." तिची खरीखुरी जाऊ शेजारीच उभी होती. ती आधी फुगली आणि मग हसली. तेव्हापासून उजवे इंजिन म्हणजे थोरली आणि डावे म्हणजे धाकटी.

त्या धुसफुशीतच माझी उमेदीची वर्षे गेली. सकाळी धुक्यात बंदर मागे पडे, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचे होई आणि पोटात त्या दोघींची घरघर चालू असे. मला वाटे, मी जागची हललेच नाही, समुद्रच माझ्याखालून हळूहळू सरकतो आहे. ती घरघर ऐकून मासे वर येतात, असे गळवाले म्हणत. असेलही.

पण वय कुणाला चुकले आहे? थोरली काळा धूर ओकू लागली, धाकटी तेल गाळू लागली. एकदा दोघी भर समुद्रात बंद पडल्या. दुसऱ्या बोटीने मला ओढत आणले. मला काठावर लाकडी टेकूंवर चढवले आणि दोघींना साखळीने उचलून बाहेर काढले.

माझे पोट रिकामे झाले. तिथे मी किती काळ उभी होते, ते मला नीट आठवत नाही. दुपारचे ऊन झडपेतून आत उतरायचे आणि तळाच्या फळ्यांवरून सरकत जायचे. वारा आला, की मला पाणीच आल्यासारखे वाटायचे आणि मी मनातल्या मनात डुलायचे. स्वप्नात एक मोठा मासा यायचा, माझ्या रिकाम्या पोटात एक फेरी मारायचा आणि काही न बोलता निघून जायचा. तो गेल्यावर मला फार एकटे वाटायचे.

एक दिवस भाऊ आले, मिस्त्रीला घेऊन. थोरला वाळला होता. त्याच्या छातीत दुखले होते आणि डॉक्टरांनी त्याला भांडायची सक्त मनाई केली होती. नवी इंजिने निवडायची होती. मी कान टवकारले, आता चांगली जुंपणार!

"दादा, तू म्हणतोस तीच घेऊ," धाकटा म्हणाला.

"नको, तुझंच खरं. तुझी ती पळणारी घे."

"छे, छे. तुझी धिमीच बरी."

मिस्त्री बिचारा एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. शेवटी तोच म्हणाला, "म्हातारीवर जड इंजिनं लादू नका. मागची बाजू पाण्यात बसेल. ताकद पूर्वीएवढीच ठेवा, वजन कमी करा." म्हातारी म्हटलेले मला आवडले नाही, पण बोलणे रास्त होते.

"पंखे जुनेच ठेवू, चांगले आहेत," मिस्त्री पुढे म्हणाला. "आणि इंजिनं दोन्ही सारखीच ना?"

"सारखी म्हणजे अगदी सारखी," थोरला म्हणाला. त्याच्या मनात ताकद होती, फिरण्याची दिशा नव्हती.

धाकट्याने तोंड उघडले. त्याला आठवले होते! पण त्याने दादाच्या छातीकडे पाहिले आणि ओठावरचे शब्द गिळले. "दादा म्हणतो तसं," तो म्हणाला. मी जीव तोडून करकरले.

"फळ्या वाळल्यात हिच्या," थोरला म्हणाला. मग माझ्या अंगावर हात ठेवून हळूच म्हणाला, "हे शेवटचं. एवढं करूनही चालली नाही, तर मोडीत काढू. आता पुन्हा उस्तवार करायचं बळ नाही माझ्यात."

मला पाण्यात सोडले, तेव्हा दोघी जावा धक्क्यावर आल्या होत्या. नव्या इंजिनांचा आवाज एकसारखा, गोड होता. थोरल्याने पुढचा गिअर टाकला. उजवीने मला पुढे रेटले आणि डावीने मागे ओढले! तिचा पंखा घडवला होता उलट फिरण्यासाठी आणि इंजिन त्याला फिरवत होते सुलट. मी भोवऱ्यासारखी जागच्या जागी गरगरले. बंदरातली माणसे हसायला लागली.

थोरल्याने इंजिने बंद केली. "मोडीत," तो एवढेच म्हणाला. माझे लाकूड न् लाकूड गार पडले.

"मोडीत कशाला?" धाकटा एकदम ओरडला. "फेरा उलटा हवा होता डावीचा! मला तेव्हाच आठवलं होतं!"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुझ्या छातीला भिऊन!"

थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला. धक्क्यावर त्याच्या बायकोने पदर तोंडाशी धरला. आणि तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, या छातीला भांडणाची सवय आहे रे," तो म्हणाला. "तू गप्प बसायला लागलास, तेव्हाच मला वाटलं, आपलं काही खरं नाही."

"बघा!" धक्क्यावरून थोरल्याची बायको म्हणाली. "दोघींची तोंडं एकीकडे झाली, की अशीच गिरकी बसते. आमचं घर सरळ का चालतंय, कळलं आता?"

मिस्त्रीने डावीचा गिअरबॉक्स बदलला आणि तिचा पंखा पुन्हा उलट फिरू लागला. आता मी सरळ जाते. धुके असते, पाणी आणि आभाळ एक होते, पोटात नव्या जावा घुमतात आणि वर दोघे भाऊ मासा कुठे आहे यावरून भांडतात. स्वप्नातला तो मासाही खाली कुठेतरी असेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, रंग द्या, त्यांचे ऐका. आणि आपल्या माणसाचे चुकते आहे असे दिसले, तर मायेपोटी गप्प बसू नका. त्या दिवशी मी नुसती करकरत राहिले, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.