मनोऱ्यावरचा पेंढा

आमच्या हेझलकोटच्या चर्चचा मनोरा वर्षाला जेमतेम दोन पुरुष उंचीने वाढायचा. माझ्याकडे चर्चच्या देवडीत शिकायला येणारी मुलं दर उन्हाळ्यात विचारायची, "ऑस्मंडबाबा, हे गवंडी इतके आळशी कसे हो?"

मी त्यांना भिंतीजवळ नेऊन दोन दगडांमधल्या चुन्यावर नख दाबून बघायला सांगायचो. खालच्या थरावर नख घसरायचं, वरच्या थरात रुतायचं. दगड रचायला वेळ लागत नाही, चुन्याला लागतो. तो घट्ट व्हायच्या आत वर ओझं घातलं की भिंत पोट काढते. आणि ओल्या चुन्यात थंडी शिरली की आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि भिंत आतल्या आत फुटते. म्हणून गवंडी वसंतात यायचे, शरदातल्या सेंट मायकेलच्या सणापर्यंत काम करायचे आणि जाण्याआधी भिंतीच्या माथ्यावर शेण आणि पेंढ्याचं जाड पांघरूण घालायचे. आमचा मनोरा हिवाळाभर टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा.

त्या गवंड्यांमध्ये हॅमो नावाचा एक जण होता. खांदे रुंद, बोलणं कमी आणि बिअर मात्र भरपूर. तो इसॉटच्या आईकडे उतरायचा. इसॉटची आई गावासाठी जवाची बिअर गाळायची आणि तिच्या घरात माणसांचा राबता असायचा, त्यामुळे हॅमो आणि इसॉटचं जुळलंय हे सगळ्यात शेवटी तिच्या आईलाच कळलं. शेवटच्या वर्षी पांघरूण घालताना हॅमो तिला वर घेऊन गेला. शेण किती घट्ट कालवायचं, पेंढा आडवा निजवून उताराकडे कसा वळवायचा, कडेला दगडांचं वजन कुठे ठेवायचं, सगळं त्याने तिच्याकडून करून घेतलं. मी खाली शिडी धरून उभा होतो. पुढच्या वसंतात आला की चर्चच्या दारात लग्न लावायचं, असं दोघांनी पाद्रीबाबांसमोर हातात हात देऊन ठरवलं होतं.

पुढच्या वसंताआधी मोठी साथ आली.

त्या वर्षाबद्दल मी मुलांना फार सांगत नाही. निम्मं गाव गेलं. पाद्रीबाबा गेले, इसॉटची आई गेली. रस्ता रिकामा पडला. गवंडी आले नाहीत. ते मेले, की दुसऱ्या कुठल्या कामावर गेले, हे सांगणारंही कुणी आलं नाही.

त्या शरदात मनोऱ्यावरचा जुना पेंढा कुजून काळा झाला. कुणाचं लक्ष नव्हतं. आणि एके सकाळी इसॉट पाठीवर पेंढ्याचा भारा बांधून वर चढताना दिसली. त्यानंतर दर वर्षी ती चढत राहिली. कुजलेलं काढायचं, माथा झाडायचा, नवं शेण, नवा पेंढा. गावातल्या बायका तिला "मनोऱ्याची बायको" म्हणायच्या, आधी पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही.

"काय गं, नवऱ्याला गोधडी घातलीस का?"

"घातली. तुझा उघडाच निजतो वाटतं?" ती म्हणायची आणि बिअरचा घडा उचलून चालू लागायची.

गिरणीवाल्याने मागणी घातली, मग त्याच्या विधुर भावाने घातली. दोघांनाही तिने एकच उत्तर दिलं, मनोरा पुरा झाला की बघू. गिरणीवाला मला म्हणाला, "म्हणजे नाहीच की हो!"

अशी दहा-बारा वर्षं गेली.

आमच्याकडे वेदीकडचा भाग पाद्र्याने राखायचा आणि बाकीचं चर्च गावाने, अशी जुनी रीत आहे. वेदीकडच्या भिंती आमच्या खापरपणजोबांच्या काळातल्या, गाढवाच्या पाठीएवढ्या जाड, खिडक्या फटीएवढ्या. पुढे लोक वाढले तेव्हा गावाने मधलं दालन रुंद केलं, कमानींना टोक काढलं, उजेड आत घेतला. मनोरा हे आमच्या पिढीचं काम. त्यामुळे त्याचा निकालही आम्हालाच लावायचा होता. एका रविवारी प्रार्थना झाल्यावर थर्स्टन उभा राहिला. तो चर्चचा कारभारी, हाडाचा शेतकरी, आवाज बैलांना हाकायचा.

"जॉर्डन नावाचा एक गवंडी मिळालाय," तो म्हणाला. "येत्या वसंतात माणसं घेऊन येतो म्हणाला. दोन उन्हाळ्यांत मनोरा पुरा करील, वर घंटा चढवील. आता अंगणात यूच्या झाडाशेजारी लाकडी घोड्यावर टांगलेली घंटा उतरवायची."

सगळे खूश झाले. मागून इसॉटचा आवाज आला. "ते काम हॅमोचं आहे."

"अगं, हॅमो कुठाय?"

"तुम्हाला माहीत आहे का कुठाय ते?"

"नाही."

"मग तो येणार नाही हे कसं माहीत?"

कुणीतरी हसलं. थर्स्टन हसला नाही. तो तिच्याजवळ गेला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"इसॉट, साथीच्या वर्षी माझी आई गेली तेव्हा मी वरच्या कुरणात मेंढ्यांपाशी होतो. या ऑस्मंडदादाने तिच्यासाठी घंटा वाजवली. गावात सगळ्यांनी ऐकली, गुडघे टेकले. मला ऐकू आली नाही. मी तिथे शिट्टी वाजवत बसलो होतो गं. संध्याकाळी घरी आलो तर तिला पुरून झालं होतं. घंटा उंच गेली पाहिजे."

इसॉट म्हणाली, "बरं. मग यंदा पांघरूणही तुम्हीच घाला, थर्स्टनभाऊ. मी वर चढणार नाही."

"घालू की! पेंढा टाकायचा तर आहे. त्यात काय कोरीवकाम आहे?"

त्यांनी पांघरूण घातलं. थर्स्टन आणि त्याचे दोन शेजारी सकाळी वर गेले आणि जेवायच्या आत खाली आले. शेण त्यांनी वापरलंच नाही. त्या वर्षी पीक पातळ आलं होतं, शेतांना शेण कमी पडत होतं, आणि दगडावर शेण वाया घालवणं थर्स्टनच्या जिवावर आलं. पेंढा मात्र भरपूर ओतला. खालून तो छान फुगीर दिसायचा.

परांचीसाठी मनोऱ्यात सोडलेल्या भोकांत राहणाऱ्या कावळ्यांनाही तो आवडला. त्यांनी रोज थोडा थोडा ओढून नेला. उरलेला वाऱ्याने नेला. हिवाळ्याच्या तोंडावर, सेंट मार्टिनच्या सणाला गावात डुकरं कापायची वेळ आली, तोवर मनोऱ्याचा माथा जागोजागी उघडा पडला होता. सकाळी गवतावर दव गोठून पांढरं दिसायला लागलं होतं.

मी इसॉटकडे गेलो. ती मोठ्या पातेल्यात जव ढवळत होती. मला बघून तिने ढवळणं थांबवलं नाही.

"बघितलंय मी," ती म्हणाली. "डोळे आहेत मला."

"मी काही बोललोच नाही."

"तुम्ही न बोलता बोलता. मुलांना असंच छळता." तिने लाकडी दांडा पातेल्याच्या कडेवर आपटला. "फुटू दे भिंत. तो जॉर्डन येईल, वर जाईल, डोकं हलवील आणि परत जाईल. मग आहेच मनोरा आहे तसा."

"परत नाही जाणार. फुटलेले थर उतरवील. चांगला चुना लागेपर्यंत खाली खाली येईल."

"किती थर?"

"ते हिवाळ्याच्या हातात."

"वरचे सगळे हॅमोचे आहेत. शेवटच्या वर्षी चारही भिंतींचा माथा त्यानेच रचला."

"हो. मी बघत होतो."

ती पातेल्यातल्या वाफेकडे बघत राहिली. "म्हणजे झाकलं नाही तर त्याचे दगड जाणार. आणि झाकलं तर त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचे तरी बसणार."

"हो."

"मग मी काय करू?"

मी तिथे बसून तिने दिलेली बिअर प्यालो आणि निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा ती मागून म्हणाली, "त्याचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, ऑस्मंडदादा. हात आठवतात. दगड ठेवला की वरून दोनदा थोपटायचा, वासराला थोपटावं तसा."

दुसऱ्या दिवशी मी देवडीत मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेत होतो. इसॉट समोर येऊन उभी राहिली. पदर खोचावा तसा तिने झगा कमरेशी खोचला होता.

"मुलं द्या जरा. देव दुपारपर्यंत थांबेल."

मुलांना काय, हातात टोपली द्यायचाच अवकाश. थर्स्टनच्या गोठ्यापासून मनोऱ्यापर्यंत शेणाची रांग लागली. थर्स्टन घरातून ओरडत बाहेर आला.

"ए! माझं शेण! कुणी सांगितलं रे तुम्हाला?"

"मनोऱ्याच्या बायकोने," मॅबिल नावाची एक पोरगी म्हणाली आणि टोपली घेऊन पळाली.

थर्स्टनने वर बघितलं. इसॉट माथ्यावर वाकून ओला पेंढा उपसून खाली फेकत होती. एक पेंडी त्याच्या डोक्यावरच आली.

"थर्स्टनभाऊ, ही तुमची गोधडी घ्या परत!"

तो डोकं झटकत उभा राहिला. मग निमूटपणे गोठ्यात गेला आणि उरलेलं शेण स्वतः फावड्याने भरू लागला. दुपारनंतर शिडीवर तोच मधल्या पायरीवर उभा होता, खालून टोपली घ्यायचा आणि वर द्यायचा. सांजेपर्यंत पांघरूण झालं. घट्ट, आडवं, उताराकडे वळलेलं. त्याच आठवड्यात जी थंडी पडली तिने गिरणीचं चाक गोठवलं.

वसंतात जॉर्डन आला. त्याने पेंढा काढायला लावला, माथा झाडला, लोखंडी पहार घेऊन चारही भिंतींवर ठोकत फिरला. खणखणीत आवाज येत होता. तो पुन्हा एक फेरी फिरला.

"हे काम अर्धवट राहून किती काळ झाला म्हणालात?"

थर्स्टनने सांगितलं.

"गेल्या गावात मला अशा भिंतीचे माझ्या छातीइतके थर उतरवावे लागले. इथे एकही नाही. उघडी भिंत इतकी वर्षं अशी राहत नाही."

"उघडी नव्हती," थर्स्टन म्हणाला.

काम सुरू झालं त्या सकाळी इसॉट गवंड्यांसाठी बिअर घेऊन वर गेली. बिअर पोचवायचं काम तिचंच होतं. मीही गेलो. एका तरुण गवंड्याने चुना कालवून ठेवला होता आणि तो हॅमोच्या थरावर पसरायला वाकला.

"आधी पाणी मार," इसॉट म्हणाली.

"काय?"

"कोरड्या दगडावर ठेवलास तर दगड चुन्यातलं पाणी पिऊन टाकील. आधी भिजव."

"मारणारच होतो, बाई," तो म्हणाला, पण बादली लांब होती. इसॉटनेच ती आणली. ओंजळीने पाणी घेऊन तिने दगडांवर टाकलं, हाताने पसरवलं. धूळ धुऊन गेली आणि दगड गडद, पिवळसर झाले. ती पुढच्या दगडाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. सगळा थर भिजवून झाला तरी ती हात टेकून तशीच वाकून राहिली.

"सरका जरा, बाई," गवंडी म्हणाला. "वाळायच्या आत ठेवायला हवं."

ती सरकली.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी मनोरा पुरा झाला. घंटा वर चढवली त्या दिवशी सगळं गाव अंगणात जमलं होतं. पोरं यूच्या झाडावर चढली होती. नव्या पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला आणि मी दोर हातात घेतला. गर्दीत इसॉट नव्हती. थर्स्टन मला म्हणाला, "ती सकाळीच निघून गेली रस्त्याने. मला म्हणाली, दादाला सांगा, वाजवत राहा. थांबू नका म्हणाली."

"कुठे गेली?"

"सांगितलं नाही."

मग मी वाजवत राहिलो. हात दुखले तेव्हा थर्स्टनने दोर घेतला, तो दमला तेव्हा पुन्हा मी. लोक जेवायला गेले. पाद्रीबाबा येऊन म्हणाले, "पुरे आता," आणि थर्स्टन म्हणाला, "थोडंच राहिलंय, बाबा," आणि आम्ही वाजवत राहिलो.

सांजेला ती परत आली. पायातले जोडे धुळीने माखले होते. मनोऱ्याखाली थर्स्टन दोर धरून बसला होता. ती आधी त्याच्याजवळ गेली.

"वरच्या कुरणात स्पष्ट ऐकू येते," ती म्हणाली. "अगदी कुंपणापाशी बसलं तरी."

थर्स्टनने मान हलवली. त्याने तिला बसायला जागा करून दिली.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"गिरणीशी येते. टेकडीवर येते. टेकडी उतरलं की जराशी हरवते, मग ओढ्यापाशी पुन्हा सापडते. पुलापर्यंत गेले मी. पुलावर वारा थांबला की येते." तिने जोडे काढून धूळ झटकली. "पुलापलीकडे नाही येत."

"लांब आहे की पूल."

"हो," इसॉट म्हणाली. "तिथपर्यंत कुणी आला तर त्याला कळेल."