कटिंगचं टेबल

नवऱ्याची दोन वर्षांसाठी लांब बदली झाली, तेव्हा शिवणबाईला रडू काही आलं नाही. बायकांनी अशा वेळी रडलंच पाहिजे हा नियम कुणी केला देव जाणे, पण नणंद मात्र डोळे पुसतच दारात हजर झाली.

"वहिनी, धीर धरा. दोन वर्षं बघता बघता जातील."

इतक्या लवकर नको जायला, असं शिवणबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि चहा टाकला.

नवरा वाईट होता अशातला भाग नाही. हात उगारणं सोडाच, त्याने कधी आवाजही चढवला नव्हता. फक्त सव्वीस वर्षं त्याला सहाच्या ठोक्याला ताट लागे, आणि 'मला घरातली काडी इकडची तिकडे करता येत नाही' हे तो चारचौघांत कौतुकाने सांगे. या सहाच्या ठोक्यापायी तिने शर्टांच्या कारखान्यातलं कटिंगचं टेबल दोनदा नाकारलं होतं. मशीनवरच्या बाया पाचला सुटत, कटिंग मास्तर आठला. कापडाचे ऐंशी थर, वर खडूची रेघ. हात चुकला की ऐंशी शर्टांची माती. ते काम आपल्याला येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मालकिणीला हो म्हटलं. मालकीण म्हणाली, "महिनाभर बघू. जमलं तर टेबल कायमचं तुझं."

जमलं की! आठला घरी यायचं, हवं ते खायचं, नको तर नाही. खिडकीत उभं राहून पावाला जॅम लावताना शिवणबाई चक्क गाणं म्हणायची. ती सुखात होती, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

विसाव्या दिवशी घरी आली, तर स्वयंपाकघरात नवरा बसलेला आणि शेजारी नणंद, चेहरा फुललेला.

"बदली रद्द!" नवरा म्हणाला. "साहेबांना लेखीच दिलं, बायकोला एकटीला घर जमत नाही म्हणून."

गेलं टेबल, हाच शिवणबाईचा पहिला विचार. मग तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. गाल बसलेले, सदऱ्याला दोन बटणं कमी, एक मोजा काळा आणि एक निळा.

"तिकडे जेवत काय होतात?"

"बिस्किटं," तो हळूच म्हणाला.

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचा जीव भांड्यात पडला. जमत नव्हतं कुणाला, ते समोरच बसलं होतं.

"मी कटिंग मास्तर झालेय," ती म्हणाली. "रोज आठला सुटते. टेबल काही मी सोडायची नाही."

"अगं बाई! मग दादाचं जेवण?" नणंद म्हणाली.

"खरंच आहे त्यांचं, ताई. मला एकटीला घर जमत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हीच साहेबांना लिहून दिलंत ना, सही करून? मग लागा मदतीला."

स्वतःच्याच सहीपुढे माणूस बोलणार काय? नवरा उठला, बाह्या वर सारल्या आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं, "कांदे कुठे असतात?"

"शोधा," शिवणबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून आरामात बसली.